खंय

आपल्या सासूला प्रत्येक गोष्ट कुठे घडली हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, अशी ऋजुताची लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात खात्री पटली होती.

ऋजुता कराडची. वेळकोंडला सून म्हणून आली तेव्हा मालवणीतले जेमतेम दहा-बारा शब्द तिला येत होते आणि त्यातला पहिला होता 'खंय'. खंय म्हणजे कुठे. गौरेशने साखरपुड्याच्या आधीच तो शिकवला होता, कारण फोन उचलला की त्याचा पहिला प्रश्न तोच असायचा. त्यामुळे वनिताबाई सकाळी मागीलदारी मासे साफ करता करता म्हणाल्या, "शेजारच्या चेडवाचा लगीन ठरला खंय," की ऋजुता स्वयंपाकघरातून तत्परतेने उत्तर द्यायची, "कुडाळला, आई."

"आज पावस येतलो खंय."

"वेंगुर्ल्याकडे, आई. आपल्याकडे नाही." हे ती मोबाइलवर हवामान बघून सांगायची. सासूला अर्धवट माहिती देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

यावर वनिताबाई पुन्हा माशांकडे वळायच्या आणि गौरेश पोट धरून हसत सुटायचा. पोरगा आपल्याला हसतो असं वनिताबाईंना वाटायचं, सासूला हसतो असं ऋजुताला. दोघींपैकी कुणालाच खरं काय ते ठाऊक नव्हतं, आणि ज्याला ठाऊक होतं तो सांगत नव्हता.

"हसायला काय झालं एवढं?" ऋजुता विचारायची.

"काय नाय गो. सांगेन कधीतरी."

तो काही वाईट माणूस नव्हता. घरात एखादी गंमत फक्त आपल्यापुरती असावी, एवढंच त्याचं म्हणणं. 'सातेरी' नावाची स्वतःची होडी, वडलांच्या मागे आईला सांभाळणारा, बायकोशी आवर्जून शाळेतल्या मराठीत बोलणारा. गंमत जपून ठेवायची आणि एखाद्या लग्नाच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर फोडायची, असा त्याचा बेत असावा. ही गोष्ट घडली तेव्हा पहिला वाढदिवस अजून आठ-नऊ आठवड्यांवर होता.

ऋजुताची नोकरी जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात होती. तिच्या ताब्यात 'उगम' होतं.

आता उगम म्हणजे काय, ते सांगायला हवं. मेंदूत एखादी समजूत रुजते तेव्हा ती एकटी रुजत नाही. ती कुठून आली याची खूणही तिच्यासोबत रुजते. डोळ्यांनी पाहिलेल्याची खूण एका जागी उमटते, कानांनी ऐकलेल्याची दुसऱ्या जागी, हिशोब करून काढलेल्याची तिसऱ्या. आणि जे खरं असावं असं आपल्याला मनापासून वाटतं आणि म्हणूनच खरं वाटायला लागतं, त्याची खूण आणखी निराळ्या जागी. माणसाला स्वतःला हा फरक कळत नाही. इच्छेतून आलेली समजूत त्याला डोळ्यांनी पाहिल्याइतकीच घट्ट वाटते. उगमला मात्र फरक कळायचा. कपाळावर पट्टी बांधायची, एक वाक्य बोलायचं, आणि त्या वाक्यामागची मुळं पडद्यावर दिसायची.

हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं आकडेमोडीचं. हजारो माणसांवर चाचण्या घेऊन यंत्राने हिशोब मांडला होता की अशा प्रकारच्या मुळातून आलेली समजूत शंभरात किती वेळा खरी निघते. तो आकडा म्हणजे त्या समजुतीचा भरवसा. लोकांचा एक गैरसमज कायम व्हायचा, तो ऋजुता प्रत्येक प्रशिक्षणात दूर करायची. उगम खरं-खोटं सांगत नाही, ती म्हणायची. तुम्ही बाजारातून बांगडा आणलात आणि तो ताजा निघाला, ही एक गोष्ट. तो तुम्ही कल्ले उघडून बघून घेतलात की विकणारणीच्या गोड बोलण्यावर, ही दुसरी. उगमला फक्त दुसरी कळते. गोड बोलण्यावर घेतलेला बांगडा ताजा निघाला तरी शहाणपण तुमचं नव्हे.

यंत्रात एक खोट होती आणि ती बनवणाऱ्यांनीही लपवली नव्हती. कुठलं मूळ कुठल्या वर्गात घालायचं? दुर्बिणीतून पाहिलेलं हा एक वर्ग झाला, पावसात दुर्बिणीतून पाहिलेलं हा दुसरा. दुसऱ्या वर्गात पुरेशी माणसं तपासलेली नसली की यंत्र निमूटपणे पहिला वर्ग धरायचं. कुठे तरी रेघ मारावीच लागते, असं ऋजुताला शिकवलं होतं आणि तिला ते पटलंही होतं.

किनाऱ्यावर उगम आलं त्यालाही कारण घडलं होतं. एक होडीवाला बेपत्ता झाला तेव्हा त्याच्या बायकोने देवळात कौल लावला. देवीच्या अंगावर चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. पाकळी उजवीकडून पडली आणि गावातली दोन तरणी पोरं तिच्या भरवशावर वादळात शिरली. ती बुडाली. होडीवाला मालवणात मेहुण्याकडे दारू पिऊन झोपला होता. त्यानंतर नियम झाला. वादळाच्या इशाऱ्यात शोधाला निघायचं तर ज्याच्या सांगण्यावरून निघायचं त्याच्या समजुतीचा भरवसा चाळीसच्या वर हवा. खाली असेल तर बंदरातून होडी सुटणार नाही.

हा नियम ऋजुताला मनापासून आवडायचा. गेल्या श्रावणात एका म्हाताऱ्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, भाऊ स्वप्नात येऊन जागा सांगून गेला म्हणून. तिने होडी सोडली नाही. भाऊ भलतीकडेच सापडला. तेव्हापासून कक्षात तिच्या शब्दाला वजन आलं होतं आणि ते तिला सुखावत होतं, हे कबूल करायला हवं.

एकदा तिने उगमची पट्टी घरी आणली. गौरेशने हौसेने कपाळावर बांधली आणि बोलला, "ऋजुता माझ्यासाठी काहीही करेल."

मूळ: इच्छा. भरवसा: बारा.

ऋजुता ओशाळली. गौरेश पडद्याकडे बघत म्हणाला, "बारा तरी आसत. माका पुरे."

ऑक्टोबरातलं ते वादळ अंदाजाच्या आधीच आलं. गौरेश पहाटे एकटाच 'सातेरी' घेऊन गेला होता. दुपारी वारा फिरला. संध्याकाळपर्यंत बाकीच्या होड्या धापा टाकत परत आल्या, 'सातेरी' आली नाही. होडीवरचा ठावठिकाणा सांगणारा डबा बंद पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याने थोडी उसंत दिली, पण पाठोपाठ दुसरं वादळ येत होतं. मधे फक्त एक दुपार मोकळी होती. कक्षाकडे शोधविमान एकच. ते एका दुपारी एकच बाजू नीट बघू शकत होतं, वरची देवगडकडची किंवा खालची वेंगुर्ल्याकडची. शिवाय गावातल्या दोन होड्या निघायला तयार होत्या. चाळीसचा आकडा मिळाला तर.

नात्यातल्या माणसाची चाचणी नातेवाइकाने घ्यायची नाही, असा नियम. पण दुसरा चालक कणकवलीच्या अलीकडे झाडं पडून अडकला होता. कक्षाचे प्रमुख धुरी म्हणाले, "तुम्हीच घ्या. मी सही करतो." धुरी सावंतवाडीचे, निवृत्तीला आलेले, ऋजुताला मुलीसारखं मानणारे. एवढं बोलून ते बाहेर वैमानिकाशी बोलायला गेले.

पहिली चाचणी किरण खोबरेकरची. पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीचा मालक, तरबेज नजरेचा माणूस. तो म्हणाला, "काल दुपारी मी दुर्बिणीतून बघितलं. 'सातेरी' देवगडच्या दिशेने जात होती. पिवळी केबिन."

मूळ: पाहिलेलं. दुर्बिणीतून होडी ओळखणं. भरवसा: त्र्याण्णव.

त्या वर्षी एका योजनेत किनाऱ्यावरच्या निम्म्याअधिक होड्यांना पिवळ्या केबिनी मिळाल्या होत्या. पण या वर्षीच्या पिवळ्या केबिनी हा वर्ग यंत्रात नव्हता.

मग वनिताबाई आत आल्या. ओल्या लुगड्यातच होत्या. सुनेने कपाळावर पट्टी बांधली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. ऋजुताने आवाज सरकारी ठेवला, कारण दुसऱ्या कुठल्याही आवाजात तिला बोलता आलं नसतं.

"तुमचा मुलगा कुठे आहे असं तुम्हाला वाटतं?"

"वाटणा नाय. बगळ्याच्या धोंड्यामागे आसा माझो झील."

बगळ्याचा धोंडा खाली, वेंगुर्ल्याच्या बाजूला. समुद्रातून वर आलेला काळा कातळ. पडद्यावर मुळं उमटली. सगळ्यात वर, ताजं आणि ठसठशीत: कौल. वनिताबाई उजाडायच्या आधीच देवळात जाऊन आल्या होत्या. त्याखाली इच्छा. आणि सगळ्यात खाली, खूप जुनं, पुसट झालेलं काहीतरी. त्यापुढे यंत्राने लिहिलं होतं: ऐकीव, ओळख पटत नाही.

भरवसा: तेवीस.

समजूत खोडासारखी वाढत राहते, मुळं मात्र सुकून जातात. तीस वर्षांपूर्वी ऐकलेली गोष्ट आपल्याला पक्की ठाऊक असते, कुणाकडून ऐकली ते आठवत नाही. हे यंत्र बनवणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून 'ओळख पटत नाही' असं आलं की चालकाने एक प्रश्न विचारायचा असतो. समोरच्याने कुणाकडून ऐकलं ते सांगितलं तर ते जोडून भरवसा नव्याने मोजायचा. ऋजुताने प्रश्न विचारला. तिने एकही पायरी गाळली नाही, हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं.

"हे तुम्हाला कशावरून माहीत, आई?"

वनिताबाईंनी डोळे उघडले. थकलेल्या, एकसुरी आवाजात त्या म्हणाल्या, "वादळ इला की होडी धोंड्यामागे नेतत खंय."

सासूचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, असं तिला वाटलं. मुलगा हरवला आणि ही बाई नेहमीसारखी कुठे कुठे विचारते आहे. वादळात होडी धोंड्यामागे नेतात ती कुठे? काय उत्तर देणार याला?

"ते मला कसं माहीत असणार, आई?" ती शक्य तितक्या मऊपणे म्हणाली.

वनिताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच पट्टी काढून टेबलावर ठेवली.

ऋजुताने शेरा लिहिला: स्रोत सांगता येत नाही. उलट प्रश्न विचारतात. मनःस्थिती ठीक नाही.

धुरी परत आले. तो शेरा आणि दोन्ही आकडे बघून म्हणाले, "विमान वर पाठवतो. पण गावातल्या होड्या तरी खाली जाऊ देत. तुमच्या हातात वीस गुण आहेत."

होते. चालकाला स्वतःच्या विवेकाने वीसपर्यंत गुण वाढवता यायचे, कारण लेखी द्यावं लागायचं. तेवीस आणि वीस त्रेचाळीस. परशुराम गिरकर आणि त्याचा भाऊ बंदरावर इंजिनं चालू करून बसले होते. दीड-दोन तासांत ते धोंड्याजवळ पोचले असते. समुद्र तेव्हा जाण्यासारखा होता.

ऋजुताने पट्टी उचलली आणि आपल्या कपाळावर बांधली.

"काय करताय?" धुरींनी विचारलं.

"मलाही तो खाली आहे असंच वाटतंय, साहेब. काल रात्रीपासून. का वाटतंय ते बघते." आणि तिने वाक्य उच्चारलं. "माझा नवरा बगळ्याच्या धोंड्यामागे आहे."

मूळ: इच्छा. भरवसा: नऊ.

तिने पट्टी काढली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्थिर होता, आणि त्या स्थिर आवाजाचा तिला त्या क्षणीसुद्धा अभिमान वाटला. "नाही, साहेब. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्यासाठी मी हे वीस गुण दिले नसते. श्रावणात त्या म्हाताऱ्याला दिले नाहीत. गिरकरांनाही बायकापोरं आहेत."

"ऋजुता, मी सही करतो म्हटलं ना."

"तुम्ही कराल. पण माझ्या वाटण्याची किंमत नऊ आहे."

विमान देवगडकडे गेलं. वेंगुर्ल्याच्या बाजूला होड्या सोडायच्या नाहीत असा हुकूम निघाला आणि त्याखाली ऋजुता तारी अशी सही होती. वनिताबाई परशुरामच्या होडीत जाऊन बसल्या होत्या. बंदरावरच्या शिपायांनी त्यांना दोन्ही दंडांना धरून उतरवलं. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. वर येताना त्यांनी एका शिपायाकडून तो हुकूम मागून घेतला आणि वाचला. सही त्यांना वाचता येत होती.

विमानाला देवगडच्या बाजूला एक पिवळ्या केबिनची होडी सापडली. आचऱ्याची होती, खडकावर चढलेली, माणसं केव्हाच पोहत किनाऱ्याला लागली होती. मग दुसरं वादळ आलं आणि दोन दिवस कुणी काही करू शकलं नाही.

'सातेरी' बगळ्याच्या धोंड्यामागे सापडली. बुडालेली नव्हती, फुटलेली नव्हती. आडोशाला, दोन नांगर टाकून, शिकलेल्या हाताने व्यवस्थित उभी केलेली. गौरेशचा पाय मांडीत मोडला होता. त्याने तो वल्ह्याला बांधून घेतला होता. केबिनवर, वेळकोंडच्या बाजूला तोंड करून, त्याने आपला पांढरा सदरा काठीला अडकवला होता. गावातून होडी येईल ती त्याच बाजूने येईल, हे त्याला माहीत होतं. पिण्याचं पाणी संपलं होतं. सदरा बांधल्यावर तो बहुधा त्या दिशेकडेच बघत पडून राहिला असावा, कारण सापडला तेव्हा तोंड तिकडेच होतं.

कुडाळच्या डॉक्टरने कागद भरताना वर न बघता सांगितलं, "सकाळीच गेलेत. काल आणलं असतं तरी चाललं असतं." डॉक्टरला समोर कोण उभं आहे ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर तो थोडं वेगळं बोलला असता, अर्थ तोच राहिला असता.

दिवसकार्य झालं. गावाने ऋजुताला एका शब्दाने दुखावलं नाही. गावाने तिच्याशी शब्दच बोलणं बंद केलं. मासळीवाल्या टोपली घेऊन तिच्या दारावरून पुढे जायच्या. विहिरीवर ती गेली की कळशा अर्ध्याच भरून बायका निघायच्या. परशुराम गिरकर रस्त्यात भेटला तर बाजूला होऊन वाट द्यायचा, एखाद्या साहेबाला द्यावी तशी. घरात वनिताबाई तिला वेळेवर जेवायला वाढत. ताटात माशाची मोठी तुकडी तिलाच. पूर्वी सकाळ-संध्याकाळ जे काही बोलायच्या ते आता भिंतीशी, चुलीशी किंवा मांजराशी बोलायच्या. ऋजुता माहेरी निघून गेली नाही. गेली असती तर सगळ्यांनाच सोपं झालं असतं, आणि तिला कुणाला सोपं करायचं नव्हतं, स्वतःला तर नाहीच.

पुढच्या महिन्यात चौकशी झाली. मुंबईहून एक तरुण अधिकारी आला. हुशार, नम्र, झटपट. त्याने सगळे आकडे तपासले, सगळ्या वेळा जुळवल्या आणि पहिल्या अर्ध्या तासातच निकाल सांगून टाकला.

"मॅडम, तुमचा निर्णय चुकीचा ठरला, पण तो समर्थनीय होता. तुम्ही खात्रीच्या मार्गाने गेलात. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं बरोबर निघालं, पण त्याला आधार नव्हता. म्हणजे तो योगायोग. योगायोगासाठी आपण कुणाला दोष देत नाही." मग थोडं थांबून तो म्हणाला, "खरं सांगू? स्वतःच्या माणसाच्या बाबतीत नियम पाळणारे लोक कमी असतात. प्रशिक्षणात आम्ही हे प्रकरण घेणार आहोत."

ऋजुताने मान हलवली. इतक्या दिवसांत कुणीतरी तिच्याशी बरं बोलत होतं. तिला त्या मुलाचे आभार मानावेसे वाटले.

"फक्त उपचार म्हणून ध्वनिमुद्रण ऐकून घेऊ," तो म्हणाला.

खोलीत वनिताबाईंचा आवाज आला. माझो झील. मग ऋजुताचा सरकारी आवाज, हे तुम्हाला कशावरून माहीत, आई? मग ते थकलेलं, एकसुरी वाक्य. वादळ इला की होडी धोंड्यामागे नेतत खंय.

"खंय म्हणजे?" अधिकाऱ्याने विचारलं.

"म्हणजे कुठे," ऋजुता म्हणाली.

खिडकीपाशी उभे असलेले धुरी वळले. ते वाक्य त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांनी फक्त शेरा वाचला होता.

"परत लावा," ते म्हणाले.

परत लावलं. धुरींनी खुर्ची ओढली आणि त्यात बसले.

"कुठे असा अर्थ होतो," ते हळू म्हणाले. "पण वाक्याच्या शेवटी असा आला की नाही होत. तेव्हा खंय म्हणजे 'म्हणे'. होडी धोंड्यामागे नेतात म्हणे. कुणीतरी सांगितलेलं आहे, असं ती बाई सांगत होती."

ऋजुताला शेजारच्या मुलीचं लग्न आठवलं. कुडाळला, आई. पाऊस आठवला. वेंगुर्ल्याकडे, आई. गौरेशचं ते पोट धरून हसणं आठवलं. सांगेन कधीतरी. वर्षभर सासू तिला कधीच, काहीच विचारत नव्हती. सांगत होती. आणि ऐकीव आहे हो, माझ्या डोळ्यांनी बघितलेलं नाही हो, हे प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे जोडून सांगत होती. उगमच्या आधीपासून, उगमपेक्षा सोप्या पद्धतीने.

"कुणी सांगितलं असेल?" अधिकाऱ्याने विचारलं.

"नवऱ्याने, दुसरं कोण," धुरी म्हणाले. "बाबी तारी. आमच्या लहानपणी नाव होतं त्याचं. त्या धोंड्याच्या आडोशाला त्याने तीन वादळं काढली, हे मला दिवसकार्याला आलो तेव्हा कळलं. मुलाला तोच घेऊन जायचा. नवऱ्याने सांगितलं हे बाईच्या ध्यानात राहिलं नसेल, गोष्ट राहिली. मॅडमनी फक्त 'कोण म्हणालं' एवढं विचारलं असतं, तर चार वाक्यांत नाव आलं असतं."

अधिकाऱ्याने लॅपटॉप पुढे ओढला. तो हाडाचा अभियंता होता, उत्तर समोर असताना हिशोब न करणं त्याला जमणारं नव्हतं. ऐकीव, होडी चालवणाऱ्या अनुभवी तांडेलाकडून, त्याच जागेबद्दल, प्रत्यक्ष अनुभव. त्याने कळ दाबली.

भरवसा: अठ्ठ्याऐंशी.

वीस गुणांची गरजच नव्हती. तो उत्साहाने आणखी एक कळ दाबणार होता, पण पडद्यावर पुढची ओळ आपोआपच आली, कारण त्या दिवशी मोजलेलं प्रत्येक वाक्य यंत्राने एकमेकांशी जोडून ठेवलेलं असायचं. ऋजुता तारी यांची समजूत. मूळ, सुधारित: सासूकडून ऐकलेलं. कधीतरी मागीलदारी, मासे साफ करताना वनिताबाई ते बोलल्या असणार, आणि ऋजुताने तेव्हाही काहीतरी तत्पर उत्तर दिलं असणार. शब्द विसरले होते, समजूत उरली होती. ती इच्छा नव्हतीच.

"तरीही तुमच्यावर काही येत नाही," अधिकारी घाईने म्हणाला. "तुम्हाला तो अर्थ माहीत नव्हता ना. तुमच्याकडे जी माहिती होती, तिच्यावरून निर्णय योग्यच. हा शब्द आम्ही पुढच्या आवृत्तीत टाकू. खरं तर हे फार उपयोगी निघालं."

गौरेशचं वाक्य तिला आठवलं. ऋजुता माझ्यासाठी काहीही करेल, भरवसा बारा. यंत्र त्या एका बाबतीत चुकलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात आल्यावर तिला बसवेना. धुरींनी गाडीने सोडतो म्हटलं, तिने नको म्हटलं.

घरी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. वनिताबाई मागीलदारी बसून बांगडे साफ करत होत्या. परशुरामच्या बायकोने आणून ठेवलेले असणार, वनिताबाईंसाठी. ऋजुता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. सांगायचं तिने रस्ताभर ठरवलं होतं. मला कळलं नाही, आई. मी तुम्हाला नाकारलं नाही, मला नुसतं कळलं नाही. पण इथे उभं राहिल्यावर तिला दिसलं की हे सांगणं म्हणजे दुसरं काय. तुमचा मुलगा यंत्रामुळे गेला नाही, माझ्या कडकपणामुळेही नाही. तो एका शब्दामुळे गेला, आणि तो शब्द मला सांगायचं सोडून तो स्वतःच वर्षभर हसत होता. एवढं या बाईच्या पदरात टाकायचं की नाही, ते तिला ठरवता येईना.

वनिताबाईंनी एक बांगडा पाण्यातून काढला, कल्ले उघडून बघितले, पुन्हा पाण्यात टाकला. मांजराकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात त्या म्हणाल्या, "उद्या पुन्ना वारो सुटतलो खंय."

ऋजुताच्या ओठांवर सवयीने गावाचं नाव आलं. ते तिने गिळलं. मागे कुणी हसलं नाही. ती दोन पायऱ्या उतरून सासूसमोर उकिडवी बसली.

"कोण म्हणालं, आई?"

वनिताबाईंचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे बघितलं. त्या दिवशी पट्टीखालून बघितलं होतं तसंच. मग त्यांनी पुढचा बांगडा उचलला.

"ह्या तेव्हा विचारूक व्हया होता गो."